कुळथाचे मोड आणि त्यांतील खनिजद्रव्ये

रत्नागिरी जिल्ह्यात भात कापून झाल्यावर खाचरातील उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरण्याची वहिवाट जुनी आहे. कुळथात सुमारे 22 टक्के प्रथिने असून लोहही चांगले असते. पिठी, कळण व मोडांची उसळ या रूपांनी तो घरोघरी खाल्ला जातो.

मोड आणल्याने धान्यातील लोह वाढते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. खनिजद्रव्य मातीतून अथवा पाण्यातून येते. ते दाण्यात निर्माण होत नाही. मग मोडांचा लाभ कोणता? दाण्यातील फायटिक आम्ल लोह व जस्त यांना बांधून ठेवते. मोड येताना हे आम्ल काही अंशी कमी होते व ‘क’ जीवनसत्त्व तयार होते. त्यामुळे असलेल्या खनिजांचा अधिक भाग अंगी लागतो.

भिजवणीच्या पाण्यात लोहाचे वा जस्ताचे क्षार घातल्यास मोडांतील त्यांचे प्रमाण वाढते, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. परंतु तेथे खाण्यायोग्य शुद्ध क्षार मोजून घेतात. खताच्या झिंक सल्फेटमध्ये शिसे, कॅडमियम यांसारखी विषारी द्रव्ये असू शकतात. लोहाची जादा मात्रा तर लहान मुलांच्या जिवावर बेतते. म्हणून खताची पुडी स्वयंपाकघरात कदापि नेऊ नये. औषध चोळलेले बियाणेही मोडांसाठी वापरू नये.

खनिज वाढविण्याची योग्य जागा शेत होय. माती परीक्षणात जस्ताची उणीव आढळल्यास 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट व 25 ग्रॅम विरविलेला चुना मिसळून, गाळून, प्रथम थोड्या क्षेत्रावर फवारून पाहावे. सुधारित वाणानेही हे साधते. लोहाचे प्रमाण अधिक असलेली ‘धनशक्ती’ बाजरी महाराष्ट्रात 2012 मध्ये प्रसारित झाली, ती याच विचारातून.

घरी पुढील गोष्टी पाळाव्यात :

(1) कुळीथ निवडून, धुऊन, स्वच्छ पाण्यात रात्रभर भिजवावा.
(2) पाणी निथळून स्वच्छ फडक्यात बांधावा व मधूनमधून धुवावा. बुळबुळीत वा आंबूस मोड टाकून द्यावेत.
(3) दमट हवेत जंतू लवकर वाढतात, म्हणून मोड शिजवूनच खावेत.
(4) उसळीवर वाढताना लिंबू पिळावे. त्याने लोह शोषण्यास मदत होते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये. तो लोह अडवितो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळांत हे प्रात्यक्षिकासह दाखवावे, आणि खताच्या पुडीविषयीची सूचना प्रथम द्यावी.