शरणपुराहून आफ्रिकेस

वाचन : प्रेषितांचीं कृत्यें १३ : १३, तीमथ्याला दुसरें पत्र ४ : ११

ज्या मंडळींतून एखादा तरुण प्रथमच समुद्रापलीकडे सेवेस निघतो, तिनें निरोपाच्या प्रार्थनेपूर्वीं हा धडा त्याच्यासह वाचावा. तो छत्रपति संभाजीनगराहून (औरंगाबादेहून) निघो कीं आणखी कोठून, त्याच्या आधीं ही वाट चाललेले लोक आपल्याच मुलखांत होऊन गेले आहेत.

नाशिकजवळचें शरणपूर हें ख्रिस्ती गांव चर्च मिशनरी सोसायटीनें १८५४ सालीं वसविलें. हिनेंच पुढें औरंगाबादेसहि काम केलें. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकेचीं मुलें शरणपुरीं आणून ठेवीत. तेथें तीं वाचावयास शिकलीं, हातकाम शिकलीं, बाप्तिस्मा पावलीं. बाळपणींच धरून नेलेल्यास आईची भाषा कशी राहणार? मग असा तरुण आफ्रिकेस गेला तर तो घरीं गेला कीं परदेशीं? आमच्या मतें परदेशीं. कारण तेथेंहि त्यांस ‘मुंबईचे आफ्रिकन’ हेंच नांव पडलें.

१८६६ सालीं डॉ. लिव्हिंगस्टन मुंबईहून झांझिबारास निघाले, तेव्हां शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर होते. ही त्यांची पहिली सेवायात्रा, आणि ती सर्वथा गौरवाची नव्हती. एक जण वाटेंतच आजारानें वारला. जोहाना बेटाचे नोकर पळाले आणि साहेब मारले गेले अशी थाप मारून मोकळे झाले, तेव्हां आमचे टिकले. परंतु १८६८ सालीं बांगवेउलु सरोवराकडे जाण्याचें ठरतांच बहुतेक सोबत्यांनीं पाय मागें घेतला, त्यांत शरणपूरवालेहि होते. पुढें डॉक्टरांनीं परतलेल्यांस पुन्हां जवळ केलें. त्यांचा थकवा ते जाणत होते, कारण ते स्वतःहि थकले होते.

येथें उपदेशकानें पहिलें वचन उघडावें. पंफुल्यांतील पिर्गा येथून योहान मार्क मागें फिरला, आणि तो कां फिरला हें शास्त्र सांगत नाहीं. पुष्कळ वर्षांनीं बंदींत असलेला पौल त्यालाच घेऊन ये म्हणून लिहितो. पहिल्या यात्रेंत खचलेल्या तरुणाची गांवांत थट्टा करणारांनीं हीं दोन वचनें जोडून वाचावीं.

१८७२ सालीं डॉक्टरांच्या मदतीस जी टोळी गेली, तिच्यांत शरणपूरचे जेकब वेनराइट व मॅथ्यू वेलिंग्टन होते. १ मे १८७३ रोजीं चितांबोच्या गांवीं, म्हणजे आजच्या झांबियांत, डॉक्टर वारले; सेवकांस ते बिछान्याशीं गुडघे टेकलेले आढळले. सुसी व चुमा ह्या पुढाऱ्यांनीं देह स्वदेशीं पोंचविण्याचा निश्चय केला. हृदय झाडाखालीं पुरलें. जेकबनें उत्तरक्रियेची प्रार्थना वाचली व झाडावर अक्षरें कोरलीं. देहास मीठ लावून तो उन्हांत वाळविला. नंतर सुमारें नऊ महिने ते चालत होते. उन्यान्येंबे येथें भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानें देह तेथेंच पुरावा असा सल्ला दिला; त्यांनीं तो मानला नाहीं. गांवचे लोक प्रेत जाऊं देत ना, तेव्हां खोटें ओझें पुरण्यास परत पाठविलें आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्याप्रमाणें बांधून नेला. (ही युक्ति योग्य कीं अयोग्य, हा वाद मंडळीनें खुशाल घालावा.) फेब्रुवारी १८७४ मध्यें ते बागामोयो बंदरास पोंचले. १८ एप्रिल रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत देह पुरला, तेव्हां शवपेटीजवळ चालणाऱ्यांत जेकब होता.

जेकबचें नांव जगानें ऐकलें. आम्हांस विल्यम जोन्स अधिक जवळचा वाटतो. तोहि शरणपूरचाच, १८६४ च्या सुमारास मोंबासाजवळच्या रबई गांवीं गेला, आणि त्याची यात्रा थोड्या महिन्यांची नव्हती. रबईस पळालेले गुलाम आश्रयास येत. १८८९ च्या आरंभीं त्यांपैकीं सुमारें १,४०० जणांस, धन्यांस मोबदला देऊन, मुक्तीचीं पत्रें मिळालीं. १८८५ सालीं जोन्सला दीक्षा मिळाली आणि बिशप हॅनिंग्टन ह्यांच्याबरोबर तो युगांडाच्या वाटेस लागला. बिशप थोडे लोक घेऊन पुढें गेले, त्यांस ऑक्टोबरांत मारलें. मागें राहिलेला काफिला जोन्सनेंच परत आणिला. १८८६ च्या फेब्रुवारींत तो रबईंत शिरला, तेव्हां त्याच्या पुढें निळें निशाण होतें व त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’ हा शब्द होता. त्याचा अर्थ १ शमुवेल ४ : २१ येथें पाहावा.