पोटातली चरबी, खुब्याचं दुखणं

प्रश्न : आमची लॅब्रेडोर राणी नऊ वर्षांची आहे. खुब्याच्या संधिवातामुळे तिला उठताना त्रास होतो. दुर्बिणीने पोटातली चरबी काढून त्यातले स्टेम सेल टोचता येतात, असं कळलं. या वयात एवढी मोठी शस्त्रक्रिया झेपेल का? चरबी निघाल्यावर वजनही उतरेल ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वजनाचं आधी सांगतो : नाही उतरणार! काढतात ती चरबी जेमतेम काही चमचे. बेंबीच्या पुढे, यकृताकडे जाणाऱ्या पडद्यात ती साठलेली असते आणि छोट्या छेदांतून निघते. जखम लहान, दुखणंही कमी. मात्र पूर्ण भूल द्यावीच लागते, म्हणून आधी रक्त, मूत्रपिंड आणि हृदय तपासून घ्या. वयापेक्षा या तपासण्यांना महत्त्व आहे. कर्करोगाची शंका किंवा संसर्ग असेल, तर हा उपचार नको.

दुर्बिणीची सोय नसेल, तर त्वचेखालची चरबीही चालते. राणीचं गर्भाशय काढायचं राहिलं असेल, तर दोन्ही कामं एकाच भुलीत उरकता येतील.

झिजलेला खुबा मात्र याने नवा होत नाही. सूज आणि वेदना कमी होऊ शकतात, तेही प्रत्येक कुत्र्यात नाही. शंभर टक्के गुणाची हमी देणाऱ्यापासून चार हात लांबच राहा.

खर्चात पडण्याआधी राणीचं खाणं मोजून द्या, फरशीवर सतरंजी अंथरा, डॉक्टरांकडून वेदनाशामक लिहून घ्या. घरातली आयबुप्रोफेनची गोळी तिला चुकूनही देऊ नका.