बोटांच्या सांध्यांवरचे घट्टे

मुठीवर पुश-अप्स काढणाऱ्याच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात. तसेच घट्टे एका आजारातही दिसतात. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये 'बुलिमिया नर्व्होसा'चे वर्णन केले. यात रोगी अनावरपणे खातो आणि वजन वाढेल या भीतीने मुद्दाम उलटी करतो. दात लागून हातावर व्रण पडतात. हीच 'रसेलची खूण'.

इतर खुणा अशा :
१. पुढच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजते.
२. कानाखालच्या लाळग्रंथी सुजून गाल फुगीर दिसतात.
३. रक्तातील पोटॅशियम घटते. अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी जीवावर बेतते.

वजन मात्र पुष्कळदा सर्वसाधारण असते, म्हणून आजार लपून राहतो.

केवळ घट्टे पाहून निष्कर्ष काढू नका. चेष्टा तर मुळीच नको. बॉक्सिंगच्या वजनगटासाठी धडपडणारा सोबती रोज जेवणानंतर गुपचूप निघून जात असेल, तर त्याच्याशी एकांतात बोला आणि शाळेच्या डॉक्टरांना सांगा. ही चहाडी नव्हे. आपल्या बेंगळूरुतच निम्हान्स आहे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो. वेळेवर उपचार मिळाले, तर हा आजार बरा होऊ शकतो.