स्टिकर छापण्यापूर्वी फाईल तपासा

अत्तराची बाटली असो, मसाल्याचे पाकीट असो की खारी-टोस्टची पिशवी; गिऱ्हाईक आधी स्टिकर पाहते, मग माल. म्हणून आपले बरेच व्यापारी बांधव चांगला कागद आणि चांगली मशीन शोधत फिरतात. पण पुष्कळदा छपाई बिघडते ती मशीनवर नव्हे, त्याआधीच, संगणकावरील फाईलमध्ये. पाच हजार स्टिकर छापून झाल्यावर चूक दिसली तर तो सारा माल रद्दी ठरतो आणि सणाच्या तोंडावर वेळही हातचा जातो. प्रेसवाला म्हणतो, "फाईल तुमचीच होती." त्याचे म्हणणे खोटे नसते. तेव्हा फाईल प्रेसला देण्यापूर्वी मालकाने स्वतः काय पाहावे, ते क्रमाने समजून घेऊ. उदाहरण म्हणून अत्तराच्या बाटलीचे ६ सें.मी. रुंद व ४ सें.मी. उंच स्टिकर घेऊ.

१) माप : अंदाजाने माप सांगू नका. साधा कागद त्या मापाचा कापून बाटलीवर लावून पाहा. जे माप बसेल त्याच मापाची फाईल करून घ्या.

२) काठ : कापताना पाते किंचित सरकते. रंग काठापर्यंतच असेल तर कडेला पांढरी रेघ दिसते. म्हणून पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी ३ मि.मी. जास्त ठेवतात. याला ब्लीड म्हणतात. आपली फाईल ब्लीडसह ६६ × ४६ मि.मी. होईल. अक्षरे मात्र कापण्याच्या रेषेपासून ३ मि.मी. आत असावीत. स्टिकर गोल किंवा वेगळ्या आकाराचे असेल तर कटिंगची रेषा वेगळ्या लेयरवर ठेवावी, म्हणजे ती चुकून छापली जाणार नाही.

३) चित्र व लोगो : चांगल्या छपाईस छापायच्या मापात प्रत्येक इंचात ३०० ठिपके लागतात. आपल्या स्टिकरसाठी चित्र किमान ७८० × ५४५ पिक्सेलचे हवे. २०० पिक्सेलचा लोगो ओढून मोठा केला तर आकार वाढतो, स्पष्टपणा नाही. लोगो कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये रेषांनी काढून घ्यावा. तो कितीही मोठा केला तरी फाटत नाही. बाटलीपासून दुकानाच्या बोर्डापर्यंत तोच चालतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा दर्जा घटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

४) रंग : पडद्यावरचा रंग प्रकाशाचा, कागदावरचा शाईचा. पडद्यावर चमकणारा हिरवा किंवा निळा छपाईत मंद पडतो. म्हणून फाईल सुरुवातीपासून सीएमवायके, म्हणजे चार शाईंच्या पद्धतीत करावी. बारीक काळी अक्षरे फक्त काळ्या शाईत ठेवावीत. ती चार शाईंनी केली आणि एक शाई जरा सरकली तर अक्षराला रंगीत सावली येते. पारदर्शक स्टिकर हवे असेल तर रंगांखाली पांढऱ्या शाईचा थर लागतो. तो फाईलमध्ये वेगळा दाखवावा लागतो.

५) अक्षरे : आपल्या बांधवांचे सर्वांत जास्त नुकसान येथे होते. आपल्या संगणकावरचा मराठी फॉन्ट प्रेसकडे नसेल तर मजकुराची खिचडी होते. उर्दूची अक्षरे तर सुटी पडतात, कधी उलट्या क्रमानेही लागतात. उपाय सोपा आहे : फाईल देण्यापूर्वी सर्व अक्षरांचे कर्व्ह करून घ्या. मग ते चित्रच होते, फॉन्टची गरज उरत नाही. मात्र त्यानंतर शब्द टाईप करून दुरुस्त करता येत नाही. म्हणून शुद्धलेखन आधी तपासा आणि कर्व्ह न केलेली एक प्रत जपून ठेवा.

६) मजकूर : पाकीटबंद मालाविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह कमाल किंमत, महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क देणे आवश्यक आहे. अक्षरांची किमान उंचीही नियमात ठरलेली आहे. खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांकही लागतो. तारखेचा शिक्का मारायचा असेल तर तेवढी जागा कोरी ठेवा. गुळगुळीत लॅमिनेशनवर साधी शाई पुसली जाते, हेही ध्यानात घ्या.

शेवटी पीडीएफ तयार झाली की साध्या प्रिंटरवर ती मूळ मापात काढा, कापा आणि बाटलीवर लावा. घरातील वडीलधाऱ्यांना चष्म्याने वाचायला द्या. फोन नंबर स्वतः फिरवून पाहा. रंगासाठी प्रेसकडून त्याच कागदावर एक नमुना मागा आणि तो पसंत पडल्यावरच सही करा. यात एक दिवस जाईल, पण पाच हजार स्टिकर रद्दीत जाण्यापेक्षा तो एक दिवस स्वस्त आहे.