आधी कोपराला, मग तोंडाला

"झाडपाल्याचेच तर आहे. त्याने काय होणार?" असे आपण सहज म्हणतो. मीही म्हणत असे. जन्मभर मुलांना शिकवले. पण हा धडा मला माझ्या नातीकडून मिळाला.

तिचे लग्न चार दिवसांवर आले होते. तोंड उजळावे म्हणून तिने लिंबू कापले. "आजोबा, लावू ना?" तिने विचारले. मी म्हणालो, "लाव की! लिंबू आपण खातोच." रस तसाच ठेवून पोर अंगणात उन्हात धान्य वाळत घालीत बसली. दुसऱ्या दिवशी गालांवर लाल चट्टे उठले. मग फोड आले. फोड बसले, पण काळे डाग राहिले. लग्नाच्या फोटोत ते दिसतात. ती मला एक शब्द बोलली नाही. त्याचेच मला जास्त लागले.

डॉक्टरांनी कारण सांगितले. लिंबाच्या रसात, आणि सालीत तर फारच, एक द्रव्य असते. ते अंगावर असताना ऊन लागले की कातडी पोळते.

झाडाला पळता येत नाही. म्हणून ते आपल्या रक्षणासाठी चिकात, सालीत, बियांत जहाल द्रव्ये साठवते. बिब्बा कसा उततो, ते तुम्हांला ठाऊकच आहे. काजूच्या टरफलाचे तेल हात पोळते. आंब्याचा चीकही कित्येकांना बाधतो. ही तिन्ही झाडे एकाच कुळातली. पूर्वी परीट कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशात आलेल्या अमेरिकन सैनिकांना नुसत्या त्या खुणांनी पुरळ उठले. डॉक्टरांनी १९४३ साली ते लिहून ठेवले आहे.

तेव्हा नवा लेप, तेल किंवा उटणे आधी पारखावे. बिब्बा मात्र पारखायलाही लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लेप लावावा. तोंडावर जितका वेळ ठेवणार, तितकाच वेळ ठेवून धुवावा. दिवसातून दोनदा, असे सात ते दहा दिवस करावे. खाज, लाली, सूज आली तर लगेच धुवावे आणि तो लेप सोडून द्यावा. फोड आले तर डॉक्टरांकडे जावे.

एवढे दिवस कशाला? कारण काही वस्तू पहिल्या वेळी बाधत नाहीत. शरीर आधी त्यांची ओळख ठेवते आणि पुढच्या खेपेला खवळते. डॉक्टरही पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. ही रीत याडासोन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली दाखवली. कारखान्यांत पूर्वी सशांच्या कातडीवर परीक्षा होई. आपल्याकडे २०१४ साली प्रसाधनांसाठी ती बंद झाली. आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या कातडीवरही पाहता येते.

लिंबाची गोष्ट मात्र निराळी. कोपर पदराआड, सावलीत राहिले तर काहीच दिसणार नाही. म्हणून लिंबाचा रस तोंडाला लावूच नये. हाताला लागला तर उन्हात जाण्याआधी साबणाने धुवावा.

आणि बाळाला लावायचे उटणे आईने स्वतःच्या हातावर पाहून भागत नाही. ते बाळाच्याच हातावर, थोड्या जागी पाहावे.