सोपाऱ्याच्या खाडीकांठीं एक दिवस

विद्यार्थिमित्रहो, इतिहास जसा डोळ्यांनीं वाचावा, तसा पायांनींही वाचावा. सोपाऱ्याहून वसईच्या किल्ल्यापर्यंत आम्ही एका दिवसांत पायीं गेलों.

शूर्पारक नांवाच्या या बंदरीं प्राचीन काळीं दूरदेशींचीं गलबतें लागत. 1882 सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं बुरुड राजाच्या कोटांतील स्तूप खणून धातुकरंडक उजेडांत आणला. अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही याच गांवीं सांपडला. बंदर गजबजलेलें नसतें, तर सम्राटानें आपला धर्मोपदेश येथें कोणासाठीं कोरविला असता?

आज खाडी गाळानें उथळ झाली आहे. मिठागरें, खाजणें आणि नवीं घरें यांतून ती कशीबशी वाहते. 2018 च्या जुलैंत पावसाचें पाणी वसई-विरारच्या घरांत शिरलें, आगगाड्या खोळंबल्या. पाण्याची वाट अडविली, कीं तें आपल्या दारीं येतें. यास्तव मुलांनो, आपल्या वाडींतलें बावखल बुजूं देऊं नका.