पाटल्या, फाळके आणि फुलफ्रेम

चांदवडच्या मामांना बातमी लागली ती मामींकडून, आणि मामींना एका डोहाळजेवणात. नाशिकला लग्नाच्या ऑर्डरी घेणारा भाचा फुलफ्रेम कॅमेरा घेतोय, पैसे कमी पडतायत, म्हणून त्याच्या आईच्या, म्हणजे अक्काच्या, पाटल्या पतसंस्थेत गहाण जाणार, अशी ती बातमी. चार तोंडांतून फिरताना तिला वजन चढलेलं असणार. पण मामांची झोप उडाली. फोनवर आपला आवाज चढतो हे त्यांना पक्कं ठाऊक, म्हणून त्यांनी पत्र लिहिलं.

‘चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद’ एवढं झालं आणि दुसरंच वाक्य आलं: ‘पाटल्या कुठे आहेत?’

कोणत्या पाटल्या, हे पत्रात कुठेच नाही. घरात ते सगळ्यांना माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात मामांच्या आईने विहिरीचं काम अर्ध्यावर सोडलं, पण त्या मोडल्या नाहीत. मग त्या अक्काकडे गेल्या. दाजींनी ट्रॅक्टर घेतला तेव्हाही त्यांना कुणी हात लावला नव्हता.

मामा भडकले ते मात्र पाटल्यांपेक्षाही भाच्याच्या एका उत्तरावर. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी चेष्टेने विचारलं, तर पठ्ठ्याने लिहिलं, ‘दादासाहेब फाळक्यांनी पण बायकोचे दागिने गहाण टाकलेच होते.’ नाशिक जिल्ह्यात राहायचं आणि त्र्यंबकेश्वरच्या माणसाचं नाव अर्धवट माहितीवर घ्यायचं, हे मामांना सहन होण्यातलं नव्हतं. अर्धं पत्र त्यांनी फाळक्यांवरच खर्च केलं आहे, आणि खरं सांगायचं तर ते अर्धंच जास्त वाचनीय आहे.

फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले ते विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन १ एप्रिलला परतले. तेव्हा त्यांचं वय चाळिशीच्या पुढे. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले होते, गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला होता, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकाराची नोकरी केली होती, छपाईच्या धंद्यात हात काळे केले होते. म्हणजे कॅमेरा हातात पडला तेव्हा त्यामागे वीसेक वर्षांचा सराव उभा होता. आणि कॅमेरा आला म्हणून त्यांनी लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला घेतला का? नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोप जसं वाढेल तसं ते एकेक चौकट टिपत गेले आणि ‘अंकुराची वाढ’ हा इवलासा चित्रपट तयार झाला. पडद्यावर बी फुटून वेल वर चढताना लोकांनी पाहिली, तेव्हा कुठे पैसे लावणारे पुढे आले. पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांची पाळी आली ती त्यानंतर. मामा लिहितात, ‘तुझं वाटाण्याचं रोप कुठे आहे ते आधी दाखव, मग दागिन्यांचं बोल.’

एवढ्यावर ते थांबत नाहीत. सरस्वतीबाईंनी नुसते दागिने दिले नव्हते. कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, सगळं त्यांनी अंगावर घेतलं होतं. धंद्यात त्या भागीदार होत्या. ‘अक्काला तुझ्या कॅमेऱ्यातलं काय कळतं? तिला तू कधी सांगितलंस तरी का? तिच्या पाटल्या घेताना तिला भागीदार करणार आहेस की नुसतं सही करायला नेणार आहेस?’ १९१३ च्या ३ मे रोजी कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच फाळक्यांची अखेर १९४४ साली नाशिकमध्ये कशी झाली, कुणाला फारशी आठवण नसताना, ते मात्र कुणी ग्रुपवर टाकत नाही, असंही मामा सुनावतात.

मग हिशोब येतो. एकेकाळी हायवेलगत स्टुडिओ चालवलेल्या माणसाचा हा हिशोब आहे, त्यामुळे त्याला दाद द्यावी लागते. भाच्याकडे निकॉनचा डी ३५०० आणि सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स. त्याची तक्रार अशी की कार्यालयात संध्याकाळी फोटो दाणेदार येतात. मामांचं म्हणणं, दोष बॉडीचा नाही, लेन्सचा आहे. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं भोक एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. पन्नास एमएमची एफ १.८ लेन्स लावली तर त्याच बॉडीवर साडेनऊ पटींहून अधिक उजेड पडतो. फुलफ्रेमचा सेन्सर डी ३५०० च्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने किती मोठा? सव्वादोन पटींच्या थोडा पुढे. ‘साडेनऊ पट स्वस्तात मिळतंय ते सोडून सव्वादोन पटीसाठी पाटल्या?’ कार्यालय अरुंद असेल तर पस्तीस एमएमची घे, पन्नासला मागे सरकायला जागा लागते, अशी पुस्तीही आहे. शिवाय डी ३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, तेव्हा स्वस्तात मिळते म्हणून जुनी ‘डी’ मालिकेची लेन्स उचलू नकोस, फोकस हाताने करत बसशील. नावात ‘एएफ-एस’ पाहिजे.

पिक्सेलचं भूतही ते उतरवतात. अल्बमचं पान बारा बाय अठरा इंच, छपाई इंचाला तीनशे ठिपके. म्हणजे ३६०० गुणिले ५४००, एक कोटी चौऱ्याण्णव लाख ठिपके लागले. डी ३५०० देतो ६००० गुणिले ४०००, पुरते दोन कोटी चाळीस लाख. उलट भाच्याच्या मनात भरलेल्या फुलफ्रेम झेड ६ टू वर ॲडाप्टर लावून ही जुनीच किट लेन्स चढवली तर तो चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा कडा कापून दहाच्या आसपास मेगापिक्सेलचं चित्र देणार. लेन्स बदलायला पैसे उरणार नाहीतच. मग गावभर फुलफ्रेम म्हणून मिरवायचं आणि अल्बम आधीपेक्षा लहान छापायचा.

इथे मामा थोडे एकतर्फी झालेत, हे नोंदवायला हवं. मोठा सेन्सर, झटपट फोकस, अंधारातली स्वच्छता हे सगळं खोटं नाही. आणि लग्नाच्या धंद्यात एका गोष्टीला पर्याय नाही: दोन कार्डांची सोय. डी ३५०० मध्ये एकच कार्ड बसतं. ते ऐन वेळी रुसलं तर अंतरपाट काही पुन्हा धरता येत नाही. मामांनाही हे नाइलाजाने मान्य आहे. पण त्यावर त्यांचा तोडगा विकत घेण्याचा नाही. मोठ्या तिथींना दोन कार्डांची बॉडी भाड्याने आण, भाडं ऑर्डरीच्या विसारातून काढ. भाड्याचा आकडा वर्षाअखेरीस फार फुगला तर घ्यायची वेळ आली असं समज. आणि घ्यायचीच तर सेकंडहँड डी ७२०० बघ. २०१५ चा आहे, पण त्यात दोन कार्डं बसतात. त्याच्यानंतर आलेल्या डी ७५०० मध्ये कंपनीने एकच ठेवलं. सारी दुनिया मिररलेसकडे पळतेय, म्हणून चांगले डीएसएलआर उतरत्या भावात बाहेर पडतायत. नवं ते भारी असं कॅमेऱ्यात नसतं, हे मामांचं लाडकं मत. या एका जोडीपुरतं ते बरोबर आहे.

सेकंडहँड घेताना काय पाहायचं, हे त्यांनी एका दमात लिहून टाकलंय. शटर किती वेळा पडलंय ते निकॉनच्या फोटोच्या माहितीतच कळतं. लाखाच्या जवळ गेलेलं असेल तर भाव पाड किंवा उठून ये. लेन्सच्या मागून बॅटरीचा झोत टाकून आत बुरशीचे धागे दिसतात का बघ, विशेषतः माल कोकणातून आला असेल तर. बिलावरचा नंबर आणि बॉडीखालचा नंबर जुळव. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जाणार असशील तर एकटा जाऊ नकोस. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांना भुलू नकोस. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुला मिळत नाही, तेच तुझं व्याज. आणि या सगळ्याच्या मध्येच, परिच्छेद न तोडता: ‘पाटल्यांचं काय ते स्पष्ट कळव.’

त्यानंतरचं पान वेगळ्या शाईत आहे. बहुधा रात्री लिहिलेलं.

अक्काचं लग्न ठरलं त्या वर्षी मामांनी यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा घेतला. होती नव्हती ती सगळी शिल्लक त्यात गेली, वर उसनवारी झाली. तालुक्यात तसा कॅमेरा फार जणांकडे नव्हता, तो गळ्यात अडकवून ते मांडवात फिरले. पण रोलला पैसे उरले नव्हते. १२० चा एकच रोल, त्यात फोटो बारा. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं आणि पंगत होईपर्यंत रोल संपला. ‘तुझी आई गाडीत बसताना आईच्या गळ्यात पडली, त्याचा फोटो नाही. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. त्यानंतर मी हजारो पाठवण्या काढल्या रे, लोकांच्या.’

यावर ते आणखी काही लिहीत नाहीत. पुढच्या ओळीपासून पत्राचा सूरच बदलतो. गेल्या नवरात्रात भाच्याने रेणुकामातेच्या यात्रेत काढलेले फोटो मामींनी फोनमध्ये जपून ठेवलेत, हे त्याला कळतं. रंगमहालातल्या कोरीव लाकडी खांबांवर तिरपा उजेड पडलेला त्याचा एक फोटो स्टुडिओच्या जुन्या काउंटरवर काचेखाली आहे, हेही. ‘तो तू त्याच किट लेन्सने काढलायस. म्हणून तर एवढा ओरडतोय. ज्याला येत नाही त्याला मी कशाला पत्र लिहू?’ भाचा नाव काढणार याबद्दल त्यांना शंका नाही. चिंता एवढीच की हप्त्यांच्या ओझ्याखाली तो नको त्या ऑर्डरी घेईल, दिवसाला दोन लग्नं मारेल, आणि रंगमहालात उजेडाची वाट बघत बसायचं विसरेल. मग पुन्हा पाटल्या. पण आता आवाज खाली: समजा ठेवल्याच असतील गहाण, तर लपवू नकोस, आपण सोडवून आणू, दाजींना सांगायची गरज नाही.

शेवटी नेहमीसारखी मजकुराबाहेर, आडव्या समासात लिहिलेली ओळ आहे. ‘तिथी नसेल असा रविवार बघून चांदवडला ये, अक्काला घेऊनच ये, कॅमेरा आण. पस्तीस एमएमचे अर्धे पैसे मामी देते म्हणाली आहे. माझ्याशी नको, तिच्याशीच बोल.’